शौकिनांनी न घेतलेले चाकू

विकल्या गेलेल्या चाकूचा सहसा किस्सा होत नाही. गिऱ्हाईक येतं, घेतं, जातं, विषय संपला! किस्से साचतात ते न घेतलेल्या चाकूंचे. धाराशिवात आमचं हार्डवेअर आणि कटलरीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. काउंटरच्या काचेखाली चाकू मांडलेत आणि दर रविवारी सकाळी त्या काचेभोवती चार शौकीन जमतात. चहा माझा, मतं त्यांची! अर्धा अर्धा तास एकेक चाकू उलटापालटा करतात, उजेडात धरतात, वास घेतात आणि शेवटी परत काचेखाली ठेवतात.

का ठेवतात, हे मी पंधरा वर्षं ऐकतोय. खरं सांगू? दुकानात गल्ल्यापेक्षा मला त्याचीच जास्त उत्सुकता असते.

*

निसारभाईंचं मटणाचं दुकान आहे. चौघांत रोज चाकू चालवणारे हेच. एकदा एका कंपनीचा एजंट नवीन माल ठेवून गेला. पातं अर्धं सरळ, अर्धं दातेरी. निसारभाईंनी ते नखावर टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ही सुरी हाय का करवत?"

"दोन्ही हाय, भाई. टू इन वन!"

"म्हंजे अर्ध्यानं बकरं कापू आन् अर्ध्यानं लिंबाचं झाड?"

मी आपला एजंटचा पाठ म्हणून दाखवला, की दातांनी दोरी पटकन कापली जाते. निसारभाई म्हणाले, "मालक, दोरीला रोज कोन कापतंय? आन् ह्या दातांना दगडावर धार लागंल व्हय? ह्याला धार लावायला दाताचा डॉक्टर बोलवा!"

तो चाकू अजून आहे. कुणाला हवा असेल तर सांगा.

*

डॉक्टर म्हणजे आमचे जनावरांचे डॉक्टर. त्यांनी हौसेनं एक मिलिटरी रंगाच्या मुठीचा चाकू नेला. हिरवा, तपकिरी, ठिपके ठिपके. झकास दिसायचा! दुसऱ्याच दिवशी बेंबळीकडे एका शेळीचे वाढलेले खूर छाटायला गेले, काम करता करता चाकू बाजूच्या गवतात ठेवला, आणि मग काही तो दिसेना.

डॉक्टर शोधताहेत, शेळीचा मालक शोधतोय, शेजारचे दोघे येऊन शोधताहेत. तीन तास! शेवटी त्या घरातल्या म्हातारीनं विचारलं, "डॉक्टर, तसला रंग कशापायी देत्यात हो?"

"आजी, शत्रूला दिसू नये म्हणून."

"मग बराबर हाय की! चाकू चांगला हाय तुमचा."

पुढच्या रविवारी डॉक्टर आले ते दारातूनच ओरडत. "मालक, लाल दाखवा! नवरीच्या शालूसारखा लाल!"

*

आता ज्या चाकूसाठी हे सगळं सांगायला बसलो, त्याच्याकडे येतो.

दसरा झाल्यावर तेरचे महादूमामा लोहार दुकानात आले. आमच्याकडची खुरपी, विळे, कोयते वर्षानुवर्षं त्यांच्याच हातचे. त्या दिवशी मात्र पिशवीत एकच वस्तू होती, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं लोखंड, बाभळीची मूठ. साधा, देखणा चाकू.

"कुणी सांगितला न्हवता," मामा म्हणाले. "जल्मभर लोकांनी सांगितलं त्ये केलं. ह्यो म्या माझ्या मनानं केला."

मी म्हटलं, उद्याच्या उद्या खपेल. मामांनी मान हलवली. "तसा नगं. तुमच्या त्या चौघांतल्या कुणी तरी घ्यायला पायजे. त्यांना कळतंय. आन् माझं नाव सांगू नका. नाव कळलं की लोक भिडंखातर चांगलं म्हनत्यात."

तेव्हापासून दर रविवारी मामा तेरहून एसटीनं यायचे आणि खिळे घ्यायला आल्यासारखे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे. चाकू काचेवर निघाला की त्यांची मान खाली. साठीचा माणूस, पण निकालाच्या दिवशी शाळेत जावं तसा चेहरा! मला बघवत नसे.

पहिल्या रविवारी निसारभाई म्हणाले, "मूठ गोल हाय. हात वल्ला असला की फिरंल." पुढच्या रविवारी मूठ चपटी होऊन आली. मी सांगितलं, नवा माल आलाय! डॉक्टर म्हणाले, दोरी ओवायला भोक नाही. भोक आलं. चौघांतले तिसरे, आमच्या शाळेचे गुरुजी, त्यांनी म्यान ओढून बघितलं. "फार घट्ट आहे, दोन माणसं लागतील." म्यान सैल होऊन आलं, तर गुरुजींनी कानाशी धरून हलवलं. "आता वाजतंय!"

डॉक्टर म्हणाले, "मालक, तुमचा कारागीर लई ऐकतो हो. असा एक माणूस आमच्या खात्यात पायजे!"

मामा खिळे मोजत बसले.

*

गुरुजी भूगोल शिकवतात, त्यामुळे त्यांचं सगळंच मोजूनमापून. एकदा माझ्याकडे जंगलात जाणाऱ्यांसाठीचा म्हणून एक चाकू आला. मुठीच्या टोकाला चक्क होकायंत्र बसवलेलं! मला वाटलं, हा गुरुजींसाठीच जन्माला आलाय.

गुरुजींनी चाकू हातात घेतला आणि दुकानात उभ्या उभ्या गोल फिरले. उत्तर दिशा त्यांच्याबरोबर फिरली. उलटे फिरले, तीही उलटी फिरली. त्या सुईला पातंच ओढत होतं, लोखंडाचं ना ते!

"घेता का?" मी विचारलं.

"मालक, हा घेऊन तेरला निघालेला माणूस उलट्या दिशेला सोनारीला पोचेल, आणि काळभैरवाचं दर्शन घेऊन म्हणेल, तेर किती बदललं!"

*

हा किस्सा माझ्यावरचा आहे, पण सांगतो. धार बघायची आमच्या मंडळींची एक पद्धत आहे. डाव्या हाताचे केस भादरून बघायचे. सफाचट निघाले तर धार पास. त्यामुळे आमच्यात कुणाच्याच डाव्या हातावर केस नाहीत, उजवा हात मात्र अस्वलासारखा.

बायकोला घेऊन विम्याच्या तपासणीला गेलो तर तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही हात शेजारी शेजारी धरायला लावले. गंभीर झाले. "हे किती दिवसांपासून आहे? खाज येते? घरात आणखी कुणाला?"

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "न्हाय हो डॉक्टर, दुकानात गिऱ्हाईक नसलं की व्हतं ते त्यांना!"

*

राहिले अप्पा. अडत व्यापारी, चौघांत वयानं मोठे आणि नजरेनं सगळ्यात कडक. त्यांच्याकडे चाळीस चाकू आहेत. कपाटात, मखमलीवर, तेल लावून. महिन्यातून एकदा पुसतात आणि परत ठेवतात. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, ताटात लिंबू नव्हतं. अप्पांनी हाक मारली आणि काकूंनी विळीवर लिंबू चिरून आणलं. मी कपाटाकडे बघितलं. अप्पा म्हणाले, "त्यातला कुठला वापरू? डाग पडंल की!"

हे अप्पा मामांच्या चाकूला काही केल्या पास करत नव्हते. दुकानात ते पेरू घेऊनच यायचे आणि पेरूवर परीक्षा घ्यायचे. त्यांनी मामांचा चाकू चालवला आणि दोन फोडी दाखवल्या. "बघा. ह्यो पेरू कापला न्हाय, फाटला. पातं जाड हाय."

मामा तीन रविवार आलेच नाहीत. मला वाटलं, संपलं, दुखावला माणूस. माझाच राग आला मला, नसत्या भानगडीत त्यांना पडू दिलं म्हणून. चौथ्या रविवारी आले. फडकं तेच. पातं घासून घासून असं उतरवलं होतं, की बोटांना धार कुठं सुरू होते ते कळत नव्हतं.

अप्पांनी पेरू घेतला. चाकू टेकवला आणि ओढला. आवाजसुद्धा नाही! एक चकती निघाली, कागदासारखी. अप्पांनी ती उजेडात धरली, तोंडात टाकली, दुसरी कापली. मूठ बघितली, म्यान घातलं, काढलं, परत घातलं. स्टुलावर मामांचं खिळे मोजणं थांबलं होतं.

"बांधा," अप्पा म्हणाले.

मला राहवलं नाही. "अप्पा, कारागीर इथंच हाय," म्हटलं आणि मामांकडे बोट केलं. अप्पांना भरून आलं असावं. पुढं होऊन त्यांनी मामांचे दोन्ही हात धरले. "मामा, इतकी वर्षं चाकू बघतोय, असा न्हाय बघितला! मखमलीवर मधोमध ठेवतो बघा."

मामा हसले. मग अप्पांचा उजवा हात त्यांनी सोडलाच नाही. उलटा केला, सुलटा केला, दाराकडे नेऊन उजेडात धरला. अंगठा दाबून बघितला, बोटांची पेरं एकेक करून बघितली. मग हात सावकाश अप्पांना परत दिला, काउंटरवरचा चाकू फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत टाकला.

"अहो मामा! द्या की," अप्पा म्हणाले. "काय झालं? माझ्यात काय खोट दिसली?"

"एक बी वण न्हाय हाताला," मामा म्हणाले आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघाले.

काउंटरवर टेकलेले हात आम्ही एकेकानं खाली घेतले. निसारभाईंचे तेवढे वर राहिले.