लीलाधरच्या हत्तींकडे

निंबोल्याचा लीलाधर जागेपणी स्वप्नं बघतो. केळीच्या बागेत ठिबक सुरू केलं की हा बांधावर बसतो, आणि नळीतून पडणारे थेंब बघता बघता कुठल्या कुठे निघून जातो. दोन हाका घातल्याशिवाय परत येत नाही. कुठे गेला होतास म्हणून मी विचारलं, तर उत्तर ठरलेलं.

"हत्तींकडे, नाना."

हे हत्ती दगडाचे. ओंकारेश्वरला डोंगरावर सिद्धनाथाचं पडकं देऊळ आहे. शिखर नाही, नुसते खांब उभे, आणि जोत्याभोवती कोरलेले हत्ती. शाळेच्या सहलीत लीलाधरने ते पाहिले आणि तेव्हापासून तो अर्धा तिथेच राहतो. लग्नानंतर कोकिळेला त्याने ते इतक्या वेळा सांगितले, की न बघताही कुठल्या हत्तीची सोंड तुटली आहे हे तिला पाठ. "एकदा जाऊ. आपण दोघंच," असं तो म्हणाला होता. त्या शब्दावर बाईने मुलींची लग्नं होईपर्यंत दम धरला.

या हिवाळ्यात मात्र तिने सांगितलं, "मला तिथं तुमच्याजवळ बसायचंय. तिसरं माणूस नको. यंदा नाही झालं, तर घरात पुन्हा हत्तींचं नाव नको."

लीलाधर घाबरला. हत्ती काढून घेतले तर या माणसाजवळ केळी सोडून उरतं काय?

त्याने सिंधीपुऱ्यातल्या अक्षयची गाडी ठरवली. इथवर छान. पण पारावर धोंडूने विचारलं, "गाडी कुठं चालली रे?" आता नातवंडांचा आजा झालेला माणूस चारचौघांत कसा सांगणार, की बायकोला घेऊन फिरायला चाललो? कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "ओंकारेश्वरला. चल ना तू बी."

आमच्याकडे अशा 'चल ना'ला कुणी नाही म्हणत नाही. धोंडू आला म्हणून त्याची बहीण मालूबाई आली, तिच्या मागून तिच्या दोन जावा. मी काही मागितलं नव्हतं, तरी मलाही खिडकीची जागा मिळाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळे लीलाधरच्या ओट्यावर जमले. मालूबाईने बेत हातात घेतला.

"आधी दर्शन. मग नर्मदामाईची ओटी. मग बाजार."

"अन् खंडव्याला माझ्या पोरीकडं जेवण," धोंडू म्हणाला. "तिला फोन करून टाकला मी."

"सिद्धनाथाला केव्हा जायचं?" लीलाधरने हळूच विचारलं.

"तिथं चढून कोण जातं, भाऊ? देव ना घंटा, नुसते दगड," मालूबाई म्हणाली. "आणि वहिनी, तू मागं बसशील ना? डब्यांची पिशवी धरायला कुणी पाहिजे."

कोकिळा चहा देत होती. तिने लीलाधरकडे पाहिलं. लीलाधर बशीत बघत होता. ती आत गेली आणि थोड्या वेळाने हातात फोन घेऊन दारात आली.

"व्यापाऱ्याचा निरोप आहे. उद्या सकाळी कापणीवाले येतात."

केळीवाल्यांच्या गावात या निरोपापुढे लग्नाची पत्रिकाही मागे पडते. घड उतरत असताना मालक बांधावर नाही, असं होत नाही.

"राहू दे मग," धोंडू उठत म्हणाला. "ओंकारेश्वर कुठं पळून चाललाय?" यजमानाशिवाय कोण जाणार? सगळे पांगले. माझी खिडकीही गेली.

पुढचं कोकिळेने आमच्या सुनेला, जयश्रीला सांगितलं. आणि जयश्रीला कळलेलं मला चहाबरोबर मिळतंच.

पहाटे लीलाधर तोंड पाडून बागेत गेला. धुक्यात घड जिथल्या तिथे लटकलेले. माणूस नाही, ट्रक नाही. बांधाशी अक्षयची गाडी उभी, आणि आत जांभळं लुगडं नेसून कोकिळा.

"कापणीवाले कुठंयत?"

"मला काय माहीत? तुम्ही बसा."

"अगं, निरोप आला होता ना?"

"तुमच्या तोंडून 'नको' निघेना. मग मी काय करू?"

असीरगडाखालून गाडी गेली तेव्हा किल्ला धुक्यात तरंगत होता. लीलाधर तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसला. ती खोटं बोलली म्हणून, की त्याला स्वतःला 'नको' म्हणता आलं नाही म्हणून, हे त्यालाच ठाऊक. दुपारी नर्मदेवरचा पूल ओलांडून दोघं चढ चढली. वर वाऱ्याखेरीज कुणी नव्हतं. खांबांच्या सावल्या जोत्यावर आडव्या पसरल्या होत्या, आणि त्या सावल्यांतून हत्ती जणू हळूहळू चालले होते.

कोकिळेने तुटक्या सोंडेवरून हात फिरवला. लीलाधर मागे उभा, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा.

"एवढंच आहे?" तिने विचारलं.

"एवढंच."

ती जोत्याला टेकून बसली आणि शेजारची जागा पदराने झटकली.

"मग बसा. मी सांगेपर्यंत उठायचं नाही."