फऱ्याबागेतले शेंगोळे

याकोब भिंगारदिवे भिंगारच्या छावणीत साहेबलोकांच्या मेसमध्ये बेअरा होता. बेअरा म्हणजे टेबलावर वाढणारा. डोक्याला कांजी घातलेला फेटा, कमरेला हिरवा पट्टा आणि अंगात असा पांढरा कोट, की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस जन्मात कधी घामेजलाच नसेल. चालताना त्याचे पाय वाजत नसत. साहेबाचा पेला रिता व्हायच्या आधी याकोबाचा हात तिथं पोचलेला असे. सारी जवानी त्यानं दुसऱ्यांच्या खुर्च्यांमागं उभं राहण्यात घालवली होती, आणि त्याचा त्याला अभिमानही होता. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतोच.

सत्तेचाळीस साल नुकतंच उजाडलं होतं. गोऱ्यांची चंबूगबाळं आवरायची चिन्हं दिसत होती. याकोबाच्या पलटणीला देवळालीला जायचा हुकूम आला, आणि मेसची भांडीकुंडी, टेबलं-खुर्च्या यांच्याबरोबर याकोबालाही जाणं भाग पडलं. बायकापोरांना न्यायची सोय नव्हती. परत कधी येणार, हे साहेबालाही सांगता येत नव्हतं, तर बेअऱ्याला कुठून येणार?

मागं राहणाऱ्या साहेबांसाठी मच्छिंद्र नावाचा नवा बेअरा घेतला होता. याकोब त्याला शिकवत होता. अमक्या कप्तानाला अंडं किती वेळ उकडायचं, तमक्या मेमसाहेबाच्या चहात दूध आधी की मागून, डॉक्टरसाहेबाला कांद्याचा वास कसा चालत नाही, हे सगळं तो न अडखळता सांगत सुटला. मच्छिंद्र गावाकडचा, जिभेला हाड नसलेला गडी. म्हणाला, "लई तोंडपाठ हाय की याकोबभाऊ. आन वैनीला काय आवडतं?"

याकोब फडक्यानं पेला पुसायला लागला. त्याला ठाऊकच नव्हतं.

ठाऊक असणार कसं? रोज रात्री तो मेसमध्येच जेवून घरी यायचा, तोवर घर निजलेलं असायचं. राहता राहिली रविवारची दुपार. ती खिस्ती वस्तीतल्या त्याच्या दोन खोल्यांत अशी जायची, की प्रार्थनेहून आलं की आधी याकोब जेवायला बसे, मग दीना आणि रेबेका या पोरी, मग त्याची आई बनुबाई, आणि सगळ्यांच्या शेवटी, तव्याखालचा विस्तव विझल्यावर, लिडिया. बनुबाईच्या सासऱ्यानं बाप्तिस्मा घेतला त्याला जमाना झाला होता. देव बदलला, सण बदलले, पोरींची नावं बदलली; चुलीपुढची रांग मात्र होती तशीच राहिली.

त्या रात्री याकोब घरी आला तेव्हा लिडिया जागी होती. त्यानं हळूच विचारलं, "लिडिया, तुला खायाला काय आवडतं गं?"

तिला वाटलं, गडी पिऊन आलाय. मग वास आला नाही म्हणून म्हणाली, "तुमाला आवडतं त्येच."

"त्ये न्हाई. तुला."

तिनं आठवून पाहिलं. मग खरं तेच म्हणाली, "मला ठावं न्हाई. उरतं त्ये खाते मी."

याकोब कोट काढून आडवा झाला. लग्नाला दहा-अकरा वर्षं होऊन गेली होती, आणि या बाईबरोबर आपण एकदाही एका वेळी जेवलो नाही, हे त्याला आत्ता अंधारात समजत होतं. त्यानं ठरवलं, जायच्या आधी एकदा हिच्याबरोबर जेवायचं. समोरासमोर बसून, साहेब आणि मेमसाहेब बसतात तसं. आणि हिला काय आवडतं ते शोधून काढायचं. ते न कळता देवळालीला गेलो तर तिथं दुसऱ्यांच्या आवडीनिवडी सांभाळायला आपलं मन होणार नाही, असं त्याला वाटलं.

दर बुधवारी साहेबलोक क्लबात जेवत, त्यामुळं त्या संध्याकाळी याकोबाला सुट्टी मिळे; एरवी ती तो मेसमध्येच चमचे घासण्यात घालवी आणि तिथंच जेवून येई. पलटण हलायच्या आधी असा एकच बुधवार उरला होता. आता जायचं कुठं? नगरात सिनेमा होता, पण तिथं बाया एकीकडं आणि बापे दुसरीकडं. मग घर काय वाईट होतं? हॉटेलात बाईमाणूस नेलं असतं तर भिंगारच्या बाजारपेठेला आठवडाभर दुसरा विषय लागला नसता. शेवटी लिडियानंच सुचवलं, "फऱ्याबागंत जाऊ. तितं कोन येतंय?"

छावणीपलीकडं माळावर बादशाही काळातला तो पडका महाल. दिवसा गुरं चरायची, संध्याकाळी वटवाघळं निघायची. फुकटातली जागा, आणि वर कमानी घुमट सगळं शाही.

"सासूबाईला काय सांगायचं?" हा त्याहून मोठा प्रश्न होता. याकोब म्हणाला, प्रार्थनासभा आहे म्हणून सांगू. लिडियानं त्याच्याकडं असं पाहिलं, की तो विषय तिथंच संपला. देवाच्या नावानं खोटं बोलायला ती तयार नव्हती. सासूशी खोटं बोलायला मात्र तिची फारशी हरकत नसावी. "मी शेन्या येचायला म्हनून पाटी घिऊन जाते. तुमी मागनं या," ती म्हणाली. माळावर वाळलेलं शेण वेचायला बाया जातच असत.

आणि जेवण? "खानसाम्याला सांगून पुडिंग आनतो," याकोब म्हणाला.

"साहेबाच्या टेबलावरचं त्या दिशी नगं," लिडिया म्हणाली. "मी हुलग्याचे शेंगोळे करते."

शेंगोळे म्हणजे गरिबाचं पक्वान्न. हुलग्याच्या पिठाचे वेढे वळायचे आणि लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवायचे. खाणारा नाक पुसत खातो आणि आणखी मागतो. रेशनच्या त्या दिवसांत तांदूळ-गव्हाची मारामार होती, पण हुलगे लिडियाच्या माहेराहून आलेले होते.

बुधवारी उन्हं कलली तशी लिडियानं चिंध्यांत गुंडाळलेलं पातेलं धुतलेल्या पाटीत ठेवलं, वर फडकं घातलं आणि निघाली. बनुबाई दारात पोरींच्या वेण्या घालत बसली होती. तिनं सुनेकडं एकदा पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. सून शेण वेचायला चालली होती आणि अंगावर नाताळचं लुगडं होतं. म्हातारीनं वेणी जरा जास्त करकचून बांधली, एवढंच.

याकोब मागनं आला तो चोरासारखा, कोटाच्या आत काहीतरी लपवून. महालाच्या एका कट्ट्यावर त्यानं ते उलगडलं. मेसमधून रद्द झालेला फाटका टेबलक्लॉथ होता. फाटकी बाजू त्यानं अशी दुमडली, की दिसूच नये. दोन जर्मनच्या, म्हणजे अल्युमिनियमच्या, थाळ्या मांडल्या. दोन रुमालांच्या पंख्यासारख्या घड्या घालून थाळ्यांत उभ्या केल्या. लिडिया तोंडाला पदर लावून हसली. "ह्ये काय खायाचं हाय का?"

"बस," याकोब म्हणाला. त्यानं तिच्या थाळीत शेंगोळे वाढले, डाव्या बाजूनं, एक थेंब न सांडता. मग स्वतःच्या थाळीत वाढले. लसणाचा वास घमघमला.

आणि मग काहीच झालं नाही.

लिडिया थाळीपुढं हात मांडीत धरून बसली होती. नवरा जेवल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. याकोबही वाट बघत होता. समोरच्यानं सुरुवात केल्याशिवाय आपण हलायचं नाही, हे त्याच्याही हाडीमाशी.

"जेवा ना," ती म्हणाली.

"तू सुरू कर. मग मी."

"तुमच्या आदी मी कशी खाऊ?"

दोघंही आज्ञाधारक, दोघंही मायेची. पण घास उचलायचा कुणी? सूर्य घुमटाआड गेला. माळावरचा जानेवारीचा वारा सुटला. वाफ केव्हा थांबली, ते दोघांनाही कळलं नाही. शेवटी लिडियानं मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, "अवो, पर तुमी माज्या मागं का हुबं हाय?"

याकोबानं स्वतःकडं पाहिलं. तो तिच्या पाठीमागं हातभर अंतरावर ताठ उभा होता. डाव्या हातावर रुमाल. समोरासमोर बसून जेवायचं म्हणून आठवडाभर ज्यानं मनात मांडे खाल्ले, तो माणूस बसायचंच विसरला होता.

तो ओशाळून समोर जाऊन बसला. खाली मान घालून म्हणाला, "प्रार्थना तू कर."

घरी प्रार्थना बनुबाई करायची. लिडिया चुलीपाशी बसून ऐकायची. तिनं डोळे मिटले. "देवा, आज दोन ताटं येकदम वाढलीस. तुजे लई उपकार. आमेन."

आमेन म्हटलं आणि दोघांचे हात एकदमच थाळीत गेले. कोण आधी, कोण मागून, हा प्रश्नच मिटला. पण तोवर शेंगोळे थिजून गेले होते. रश्शावर साय धरली होती, वेढे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता. याकोबानं थाळी बाजूला सारली. लिडिया मात्र मुकाट्यानं खात होती.

"गार झालं," तो म्हणाला. "समदं वाया गेलं."

"ऱ्हाऊ द्या. मला सवय हाय."

ती सहज बोलली. टोमणा मारायचा तिचा स्वभावच नव्हता, आणि म्हणूनच ते याकोबाला जास्त लागलं. त्याला भयंकर लाज वाटली. त्यानं विचारलं, "सवय हाय म्हंजी, तुला गार आवडतं?"

लिडियाचा हात थांबला. असं कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं. 

"न्हाई," ती म्हणाली. मग हळूच पुढं, जणू तिलाच नवल वाटत होतं, "मला ऊन आवडतं. काय बी असू द्या, कोरडी भाकर का असंना. पर ऊन. लग्नाआदी आय तव्यावरची द्यायची."

याकोब उठला. साहेबाच्या चिरुटासाठी काडेपेटी त्याच्या खिशात कायम असे. त्यानं तीन धोंडे मांडले, माळावरच्या वाळक्या शेण्या गोळा केल्या आणि त्या पांढऱ्याशुभ्र कोटानिशी जमिनीवर ओणवा होऊन फुंकर घालू लागला. धुरानं त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. धुरामुळंच सगळं आलं असं म्हणायला नको. दोन्ही थाळ्यांतलं त्यानं पातेल्यात परत ओतलं. रस्सा खदखदायला लागला, तसे दोघं विस्तवाला चिकटून बसले आणि पातेल्यातूनच खाल्लं. लिडियाची जीभ भाजली. नाक वाहायला लागलं. "लई झालं, लई झालं," म्हणत ती आणखी घेत होती. याकोबानं कितीतरी मेजवान्या पाहिल्या होत्या, पण कोणत्याही मेमसाहेबाला असं जेवताना पाहिलं नव्हतं.

घरी परतल्यावर बनुबाईनं पाटीत डोकावून पाहिलं. तळाला चार शेण्या. मग लेकाच्या कोटाची काळवंडलेली कोपरं पाहिली. "चांगलं येचून येचून आनलेलं दिसतंया," ती म्हणाली आणि आत जाऊन पडली.

जायच्या दिवशी पहाटे लिडियानं चूल पेटवली. याकोब जेवायला बसला. तव्यावरची पहिली भाकर टम्म फुगून त्याच्या थाळीत आली. त्यानं ती थाळी उचलली आणि लिडियाच्या पुढं सरकवली.

"खा."

लिडिया घाबरली. तिनं सासूकडं पाहिलं. बनुबाई भिंतीला टेकून बसली होती. तिची नजर त्या भाकरीवर होती.

"याकोबा," ती म्हणाली, "तुज्या बापानं मला कदी इचारलं न्हाई रं." मग गुडघ्यावर हात देऊन उठली, सुनेजवळ आली. "सर तिकडं. पिठाची काटवट दे हिकडं. भाकर निवंल ती. खा."

लिडियानं भाकरीचा तुकडा मोडला. बोटांना चटका बसला, तरी तिनं फुंकर मारली नाही. दुसरी भाकर बनुबाईनं भाजली आणि कुणाला न विचारता स्वतःच्या थाळीत घेतली. सासू आणि सून शेजारी शेजारी जेवत होत्या, आणि याकोब आपल्याच घरात आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. आज वाट बघणं त्याला जड गेलं नाही.

तिसरी भाकर तव्यावरून उतरली तेव्हा रस्त्यावर लॉरीचा भोंगा वाजत होता. लिडियानं ती फडक्यात बांधून त्याच्या हातात दिली. लॉरीत दाटीवाटी होती, खुर्च्यांच्या पायांमध्ये बसायला जागा मिळाली. संगमनेर मागं पडल्यावर याकोबानं फडकं सोडलं. भाकर गार झाली होती. त्यानं ती सगळी खाल्ली.