पेरूला दुसरा हात

आमच्या दादांना जगातलं सगळं कळतं. डॉक्टरने गोळ्या दिल्या की त्यांचा डोस हे सुधारणार, शिंपी माप घ्यायला लागला की टेप हे ओढून घेणार. असा दीडशहाणा शोधून सापडायचा नाही. मी त्यांची धाकटी बहीण. नवऱ्याचं घर सोडून आले ती त्यांच्याकडेच राहते, त्यांच्याच ओळखीने फळांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला लागले. म्हणून हे सगळं मी घरात बोलते, त्यांची पाठ वळली की. पण पोटभर बोलते.

दादा मूळचे पॉलिशवाले. वीस वर्षं लोकांची कपाटं नि दारं चमकवली, मग गुडघे कुरकुरायला लागले तसे शेडमध्ये मुकादम झाले. पण जित्याची खोड! फळ हातात आलं की आधी अंगठा फिरवून चमक बघणार. आत गोड आहे की किडकं, याच्याशी ह्यांना काय देणंघेणं?

शेडमध्ये फळं टिकावीत म्हणून लेप लावायचं टेबल आलं ते मात्र वहिनीमुळे, म्हणजे दादांच्या बायकोमुळे. प्रयोगशाळेच्या बाई शिकवायला आल्या तेव्हा आम्ही सगळ्या जांभया देत होतो आणि वहिनी वहीत उतरवून घेत होती. मक्याचा स्टार्च पाण्यात शिजवायचा, त्यात थोडं ग्लिसरीन, आणि निवल्यावर दालचिनीच्या तेलाचे मोजके थेंब. त्यात पेरू एकदाच बुडवायचा आणि जाळीवर सुकवायचा. लेप सालीसकट खाल्ला तरी चालतो. तेलाने बुरशी धरत नाही, आणि चार दिवसांत मऊ पडणारा पेरू पंधरा दिवस टिकतो. वहिनीने तीनदा करून दाखवलं. नुसत्या वासावरून सांगायची, दोन थेंब जास्त पडलेत म्हणून.

मालक वहिनीला म्हणाले, "मोठ्या दुकानासाठी चाळीस क्रेट करा. पंधराव्या दिवशी माल चांगला निघाला तर हे टेबल कायमचं, आणि टेबलाच्या प्रमुख तुम्ही. नाही निघाला तर विषय संपला."

त्या दिवशी वहिनी भांडी घासताना गुणगुणत होती. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण तिला गुणगुणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

चाळीस क्रेट बुडवून झाले, सुकले, आणि आले आमचे दादा. एक पेरू उचलून अंगठा फिरवला. "हे काय? चमक कुठाय? अगं, एका हातात कधी पॉलिश बसतं का? दुसरा हात मारायलाच लागतो."

"अहो, बाईंनी बजावलंय," वहिनी म्हणाली. "फळ श्वास घेतं. लेप जाड झाला तर आत गुदमरतं, आंबतं."

"पेरू श्वास घेतो! उद्या म्हणशील, घोरतोसुद्धा!"

सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले. मग त्यांनी वहिनीला लेबलं मोजायला पलीकडे पिटाळलं आणि बाह्या सरसावून सगळा माल पुन्हा बुडवला. ट्रे मी वाहिले. वहिनी परत आली तोवर पेरू आरशासारखे चकाकत होते. ती एक पेरू हातात घेऊन नुसती उभी राहिली.

पंधराव्या दिवशी मालकांसोबत दुकानाचा खरेदीवाला आला. क्रेट उघडला तर एका पेरूवर डाग असेल तर शपथ! दादा असे फुगले की शर्टाची बटणं तुटतात की काय. खरेदीवाल्याने फोड तोंडात टाकली आणि तशीच रुमालात थुंकली.

"पेरू आहे की दारूचा गुत्ता?"

दुसरा कापला, तिसरा कापला. आंबूस भपकारा माझ्यापर्यंत आला.

"तेलाचं प्रमाण चुकलंय," दादा म्हणाले. डोळ्याची पापणी लवली नाही. "मिश्रण हिने केलं होतं."

"मी एकदाच बुडवले होते," वहिनी म्हणाली. "दुसऱ्यांदा ह्यांनी बुडवले."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

मालक माझ्याकडे वळले. "तू होतीस ना तिथे? काय झालं नक्की?"

वहिनीनेही माझ्याकडे पाहिलं. मला माझी खोली दिसली, खाटेखालची ट्रंक दिसली, आणि दादांचे डोळे.

"मी ट्रे वाहत होते," मी म्हटलं. "माझं लक्ष नव्हतं."

दुसऱ्या दिवशी टेबल घडी घालून भिंतीला लावलं. वहिनी पुन्हा सडकी फळं वेचायला बसली. आणि आमचे दादा? येईल त्याला सांगत सुटले, बायकांच्या हातात मापं देऊ नयेत म्हणून.

संध्याकाळी ते बाहेर पडले आणि माझं तोंड सुटलं. "बघितलंस, वहिनी? कसा निर्लज्ज माणूस! मी डोळ्यांनी पाहिलंय, सगळे चाळीस क्रेट ह्यानेच बुडवले. स्वतःचं पाप आणि बिल तुझ्या नावावर!"

वहिनी कपडे घड्या करत होती. हातातली घडी तिने पुरी केली.

"हे मला माहीत होतं, वन्सं," ती म्हणाली. "मालकांना माहीत नव्हतं."