वाळवीनं कातरलेली कड

आधी काकूंचं सांगते. जिंतूरच्या बस स्टँडजवळ एक फोटो स्टुडिओ आहे. काका लग्नाचे फोटो काढायला गावोगाव जातात आणि काकू कॉम्प्युटरवर बसून ते नीट करतात. त्या काकू. नाव लिहिलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून लिहीत नाही. पण आज माझ्या हातात जे काम आहे ते त्यांनी दिलेलं आहे. हे मागून सांगितलं असतं तर मला चैन पडलं नसतं.

माझं घर पालमकडं. आई-बाप मेंढरांमागं. कळप निघाला की आम्ही निघायचो आणि शाळा जागेवर राहायची. सातवीत ती कायमचीच राहिली. वयाची एकोणीस वर्षं सरल्यावर आत्याकडं जिंतूरला आले. पालम ते परभणी, परभणी ते जिंतूर, दोन एसट्या. लोक म्हणतात, हे काय लांब हाय का? पण मला रात्री मेंढरांचा आवाज नसला की झोप लागायची नाही. मला ते लांबच होतं. रिकामी बसून रडत राहील म्हणून आत्यानं काकूंकडं नेऊन बसवलं.

माऊस धरायचा कसा, तेही मला माहीत नव्हतं. इंग्रजी शब्द मी वाचत नव्हते, चित्रासारखे ओळखायचे. मला काम मिळालं फोटोच्या कडा सजवायचं. कुणाला धुक्यासारखी विरत जाणारी कड पाहिजे, कुणाला फाटक्या कागदासारखी, कुणाला ब्रशचे फटकारे मारल्यासारखी. हे सगळं मास्कनं करतात. मला मास्क तोंडावरचा तेवढाच माहीत होता. काकू हसल्या.

"तुझा बाप घोंगडं पांघरून बसला तर बाप कुठं जातो का?"

"न्हाई."

"मग? मास्कवर काळा रंग लावला म्हणजे घोंगडं टाकलं. पांढरा लावला म्हणजे काढलं. आतला माणूस जागच्या जागी हाय. आन् ह्या खोडरबराला हात लावायचा न्हाई. ह्यानं खोडलं की माणूस गेला."

मी मान हलवली. पण खरं सांगायचं तर खोडरबर मला सोपा वाटायचा. काकू नसल्या की वापरायचे.

असंच एकदा काकू अल्बम आणायला परभणीला गेल्या होत्या. एक माणूस जुना फोटो घेऊन आला. जत्रेत, रंगवलेल्या पडद्यापुढं उभे त्याचे आई-बाप. बापाची बाजू वाळवीनं खाल्लेली. तोंड गेलेलं, अंग गेलेलं. उरला होता आईच्या खांद्यावर ठेवलेला हात तेवढा.

"आईला एकटीला काढा," तो म्हणाला. "नव्या घराची वास्तुशांत हाय, भिंतीला लावायचाय."

मी फोटो स्कॅन करून परत दिला. मग आईभोवती गोल, पांढऱ्यात विरत जाणारी कड केली. हात त्या पांढऱ्यात गेला. छान दिसलं. मला तरी.

चार दिवसांनी फोटो न्यायला ती आई, आता आजी झालेली, स्वतःच लेकासोबत आली. फोटो लांब धरून तिनं बराच वेळ बघितला.

"आगं माय, मला मारलंस का गं?"

मला काही कळेना.

"हार तेवढा ऱ्हायलाय. बाकी समदं झालंय."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. तशी गोल कड मी श्रद्धांजलीचे बॅनर बघून शिकले होते. आमच्या स्टुडिओत ती गेलेल्या माणसालाच करतात.

लेक भडकला. "माझी आई जित्ती हाय! पाव्हणे काय म्हणतील? हिला एवढं बी कळत न्हाई?"

"मीच सांगितलं होतं तिला गोल कर म्हणून," काकू म्हणाल्या. "चुकलं माझं, भाऊ."

काकू त्या दिवशी परभणीत होत्या. मी खाली बघत राहिले.

आजीचं त्या भांडणात लक्षच नव्हतं. "ते जाऊ द्या. ह्यांचा हात कुठंय?"

"आई, नुसता हातच व्हता. भुतावाणी दिसत व्हता."

"भूत तर भूत. माझंच हाय."

"जुन्या फोटोत असंल की, आजी," मी म्हणाले.

आता लेक खाली बघायला लागला. वाळवीचा कागद नव्या घरात नको म्हणून त्यानं तो चुलीत घातला होता. आजी खुर्चीत बसली आणि फोटो मांडीवर उपडा ठेवला.

म्हणजे तो हात आता असला तर आमच्या कॉम्प्युटरमध्येच होता. मी स्कॅनची वेगळी कॉपी ठेवली नव्हती, त्याच फाइलवर काम केलं होतं. आणि त्या दिवशी मास्क वापरला होता की खोडरबर, काही केल्या आठवेना. मास्क असला की पडद्याच्या कडेला फोटोच्या लहान चौकोनाशेजारी दुसरा चौकोन दिसतो. खोडलं असलं तर एकच. मी फाइलवर क्लिक केलं आणि डोळे मिटले.

"बघ की," काकू म्हणाल्या.

दोन चौकोन होते.

"काढ घोंगडं."

शिफ्ट दाबून मास्कच्या चौकोनावर क्लिक केलं. त्याच्यावर लाल फुली आली आणि आजीच्या खांद्यावर हात आला. चार बोटं, मनगट, शर्टाची बाही. तिथून पुढं कुरतडलेलं.

आजी पडद्याजवळ आली. मनगटावर बोट ठेवून हसली. "हे घड्याळ दुसऱ्याचं हाय. फोटोपुरतं मागून घेतलं व्हतं."

गोल कड मी मोडून टाकली. वाळवीनं जी वेडीवाकडी रेघ कुरतडली होती, तिच्या मागोमाग मास्कवर खरबरीत ब्रश फिरवला. काळा, चुकला की पांढरा, परत काळा. मग तशीच कड चारी बाजूंनी फिरवून घेतली. बाही कापल्यासारखी दिसायची थांबली. सगळा फोटोच जुन्या कागदातून वर आल्यासारखा झाला. दोन तास लागले. आजी तिथंच बसून राहिली. लेकानं सगळ्यांना चहा आणला, मलासुद्धा.

"वाळवीनं बी बरी नक्षी काढली की," आजी म्हणाली. मग लेकाला, "आता हार आणलास तर बघ."

ते गेल्यावर मी म्हणाले, "काकू, तुमी त्या दिवशी परभणीला होता."

"व्हय का? ध्यानात न्हाई माझ्या." त्यांनी कपबश्या गोळा केल्या. दारातून म्हणाल्या, "आन् खोडरबर कधीपासून वापरायलीस?"

मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कप विसळायला गेल्या. दुसऱ्या दिवशीही माझी खुर्ची माझीच होती. त्यानंतर खोडरबराला मी हात लावलेला नाही. आजही फाइल बंद करायच्या आधी ते दोन चौकोन तीनदा बघते.

काकूंना थंडी सोसत नाही. पौषात पातळ शाल गुंडाळून कॉम्प्युटरपुढं बसतात. बापानं कातरलेल्या लोकरीचं, आईनं सूत काढलेलं एक काळं घोंगडं मी त्यांच्यासाठी विणून घेणार आहे, कडेला पांढरी रेघ असलेलं. पालमहून दोन एसट्या बदलत मांडीवर घेऊन येईन आणि माझ्या हातानं त्यांच्या अंगावर टाकीन. यंदा नाही जमलं तर पुढं, पण टाकीन.