मोटरीला दिलेले दोन काळे हात

सासूबाईंच्या डंकाची मोटर मी जाळली, तेव्हा मी शाळेत विज्ञान शिकवत होते. अजूनही शिकवते.

आमच्या गल्लीची वर्षाची चटणी सासूबाईंच्या डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्रावर, कांडली जाते. ऐन उन्हाळ्यात त्याची मोटर बंद पडली. शाहूपुरीत मोटरी भरणाऱ्या सुनंदाक्कांनी नवीन तार भरली. (ही बाई गप्पा मारत शेकडो वेढे बिनचूक घालते, मी गुणांची बेरीज चुकते.) वार्निश देऊन त्यांनी उघडी मोटर आमच्या गच्चीवर मिरच्यांशेजारी वाळत ठेवली.

वायंडिंगवर वीजवाहक लेप दिला, की मोटरीची कार्यक्षमता वाढते, असं मी नुकतंच वाचलं होतं. अर्धंच वाचलं होतं! तरी आक्कांना सांगितलं.

"वैनी, तारंवर वार्निश असतंय ते करंट अडवायला. तुमी त्येला दार उघडून देताय व्हय?"

"अहो, संशोधन आहे!"

"असंल. हितं मिरची हाय."

आक्का जेवायला गेल्या. मी शाळेतलं ग्राफाइट लाखेत कालवलं आणि वायंडिंगला ब्रशनं दोन हात दिले. (एकानं समाधान होईना.) आक्का परतल्या तोवर झाकण लावून बोल्टही आवळले!

"वैनींनी काम हलकं केलं की!"

दारात सात बायका मिरच्यांच्या पाट्या घेऊन बसलेल्या. आक्कांनी मोटर डंकाला जोडली, सासूबाईंनी बटण दाबलं. मोटर "घुंऽऽ" म्हणाली. मग "फट्!" आणि घरभर जळका वास.

"आक्का, इतक्या वर्सांत तुजं काम कवा जळलं न्हाय," सासूबाई कडाडल्या. "आता मोटर दुसरीकडं द्यावी लागंल!"

आक्कांनी झाकण उघडलं. आधी काळं वायंडिंग पाहिलं, मग माझी काळी नखं.

"माजीच चूक, मावशी. मोटर तुमच्या गच्चीवर सोडून गेले."

एवढं ऐकून गप्प बसणं मलाही जमेना. "आत्याबाई, मी केलं!" मी सासूबाईंना सांगून टाकलं.

"म्हंजे शाळंत पोरांनाबी ह्येच शिकवतीस?"

आक्कांनी सगळी तार उपसून नवी भरली. दुसऱ्या दुपारी डंक असा धडधडला, की सातही बायका एकदम शिंकल्या!

जळकं वायंडिंग आक्कांनी दुकानात टांगलंय. यंदा मी माझा वर्ग तिथं नेला. जी शिकवायला मला तीन तासिका लागतात, ती मोटर आक्कांनी दहा मिनिटांत समजावली. तेवढ्यात एका मुलीनं वर बोट दाखवलं. "हे कुणी जाळलं?"

"तुज्या बाईंना इचार. त्यांचा त्यात अभ्यास हाय."

मी टाळी वाजवली. "चला, डबा खायची वेळ झाली!"

सकाळचे साडेनऊ वाजले होते.