जकात कचेरीची खिडकी

सुका जवळा भाजल्याचा वास आला की बंदरावरची जुनी जकात कचेरी आठवते. तिथे खाली दुकानं आणि वर घरं होणार होती. नमुन्याच्या घरात आम्हा गावकऱ्यांना नेऊन वास्तुविशारद सांगत होता, "या जुन्या खिडक्यांतून खाडीचा वारा खेळेल, एसी लागणारच नाही." कचेरीच्या ओट्यावर सुकी मासळी विकणाऱ्या कोळीणबाईला ते काही पटेना. ती म्हणाली, "वाऱ्याबरोबर आमच्या जवल्याचा वास पन येल. चालंल?" "चालेल की मावशी! तुमची जागा तिथेच राहील," असं हसून म्हणता म्हणता त्याने खिडकी लावून घेतली. त्याच्या तोंडापेक्षा हाताचं खरं मानून बाई जिना उतरली. आज त्या ओट्यावर शोभेच्या कुंड्या आहेत, आणि वर सगळ्या खिडक्या बंद करून एसी चालतात.