जर्मन बाईच्या मागोमाग

गौरम्माला भाषा शिकायची एकच रीत ठाऊक. कुणीतरी म्हणायचं, आपण मागोमाग म्हणायचं. अर्थ सावकाश मागून येतो. माहेरी, अक्कलकोटच्या पलीकडे, आईमागून कानडी वचनं म्हटली ती अशीच. लग्न होऊन सोलापुरात आल्यावर शेजारच्या गोजरबाईमागून बोलता बोलता मराठी आली, तीही अशीच. त्यामुळे सत्तरीला टेकल्यावर ती जर्मन शिकायला बसली तेव्हा गल्ली हसली, पण तिला त्यात काही नवल वाटलं नाही.

कारण होतं नात. मुलगा शिवकुमार जर्मनीला गेला, तिथलीच बायको केली आणि बापाच्या मातीला येऊन गेला तो गेलाच. नातीचं नाव अक्षता. नाव तेवढं इकडचं, बोली सगळी तिकडची. रविवारी दुपारी फोनवर दिसायची. आजीने मुलाकडून शिकलेले दोन शब्द टाकले की नाक मुरडून बापाकडे बघायची आणि धूम पळायची. म्हातारीच्या ते जिव्हारी लागायचं. गोजरबाईही लेकाकडे मोहोळला राहायला गेलेली. दिवसभर घरात कुणाशी म्हणून बोलायचं? या एका पोरीने आपल्याशी चार शब्द बोलावेत, एवढंच तिला हवं होतं.

शिवकुमारने फोनमध्ये एक अ‍ॅप घालून घ्यायला सांगितलं. त्यात एक जर्मन बाई बोलायची. ज्वारीच्या पिठाच्या डब्याला फोन टेकवून गौरम्मा कडक भाकऱ्या थापायची आणि बाईमागून म्हणायची. एक उच्चार होता, धड ख नाही, धड श नाही. त्याच्यापायी कितीतरी भाकऱ्या करपल्या. एकदा ओठांचा चंबू करून ई म्हणायचं होतं, तर कवळीच निसटली. पण म्हातारी हटली नाही. हुरड्याचे दिवस आले तोवर तिची जीभ अशी वळली की फोनच शाबासकी देऊ लागला. अर्थ मात्र अजून वाटेतच होता.

त्या रविवारी तिने बाईचीच दोन वाक्यं सुरात म्हणून दाखवली. अक्षताचे डोळे मोठे झाले. ती फोनला अगदी चिकटली आणि जी बोलत सुटली ती थांबेचना. गौरम्माला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती नुसती "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत होती आणि आनंदाने तिचे डोळे भरून आले होते.

एकाएकी पोर थांबली. तिने काहीतरी विचारलं आणि आजीकडे बघत राहिली.

गौरम्माला काही सुचेना, तेव्हा सवयीने तिने पोरीच्या मागून तेच वाक्य म्हटलं, अगदी जसंच्या तसं.

अक्षता हळूच काहीतरी बोलून उठून गेली. फोनवर एकटा शिवकुमार उरला.

"का रं, चुकलं का माझं?"

"न्हाई, अव्वा. एकदम बरोबर बोललीस."

"मग गेली का? काय इचारलं तिनं?"

"आज्जी, तू कवा येनार, म्हनली. आन् तूबी तिला तेच इचारलीस."

"मग ती काय म्हनली?"

शिवकुमारने मान खाली घातली. "म्हनली, ते बाबाला इचार."

गौरम्माने थोडा वेळ त्याच्या भांगाकडे पाहिलं, केस बरेच पिकले होते. मग म्हणाली, "जेवलास का?"